अर्ध्या कोयत्याला किती गुण

नायिकेनं चढाईच्या मध्यावर थांबून संवाद म्हटला, तेव्हा सत्यभामाबाईंचा हात आपोआप गळ्याकडे गेला. गळ्यात शिट्टी नव्हती. असती तर त्यांनी ती तिथंच, कारखान्याच्या भरलेल्या सभागृहात, चेअरमनसाहेबांच्या शेजारच्या खुर्चीत बसून फुंकली असती. कबड्डीत चढाई करणारीनं एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं असतं. दम सुटला की बाद, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आणि ही बया सात जणींच्या कोंडाळ्यात उभी राहून म्हणते काय, तर "मी जिंकायला नाही, इतिहास घडवायला आलेय!" सभागृहानं टाळ्या वाजवल्या. सत्यभामाबाईंनी मांडीवरच्या कागदाच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं, 'बाद.'

बीडच्या एका शाळेत त्या खेळाच्या शिक्षिका होत्या. वय शेहेचाळीस, आवाज असा की मैदानाच्या या टोकाला हाक मारली तर त्या टोकाची पोरगी ताठ व्हावी. बावीस वर्षं त्यांनी कबड्डीची पंचगिरी केली. घाटनांदूरला एकदा अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटाला त्यांनी यजमान संघाची चढाई बाद ठरवली. कारण काय, तर पायाचा अंगठा रेषेबाहेर टेकला होता. दोनशे माणसं जीपभोवती जमली, कुणी दगड उचलले. बाई जीपच्या टपावर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मारा दगड, पण अंगठा बाहेर होता तो होताच." त्या दिवसापासून जिल्ह्यात म्हणच पडली होती, सत्यभामाबाईंच्या डोळ्यातून केस सुटत नाही.

तर अशा बाईंना परीक्षक नेमलं होतं, आणि सिनेमा होता त्यांच्याच आयुष्यावरचा. ज्याचा सामना त्यालाच कुणी पंच करत नाही, हे त्यांनी चेअरमन सुंदररावांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. सुंदरराव हसले. म्हणाले, "बाई, म्हणून तर तुम्ही पाहिजेत. मुंबईत दोन पुरस्कार मिळाले, ते कुणी दिले? ज्यांनी ऊस फक्त रसवंतीत बघितला त्यांनी. आपल्या कारखान्याचा पुरस्कार म्हणजे घरचा शिक्का. तुमची सही पडली की सिनेमा खरा."

सुंदररावांना हा शिक्का कशाला हवा होता, ते उघड होतं. सलग तिसरं वर्ष पाऊस नव्हता. शेजारी लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. ऊसच नव्हता, त्यामुळे कारखान्याची चिमणी दोन हंगाम थंड होती, आणि संचालक मंडळाची निवडणूक मात्र वेळेवर येणार होती. गाळप नाही तर नाही, गौरव तरी करू, असा हिशेब. पुरस्काराबरोबर आणखी एक बेत होता. कारखान्याच्या मुख्य गेटसमोर सिमेंटचं बारा फुटी शिल्प उभारायचं ठरलं होतं. सिनेमाच्या जाहिरातीवर होता तसाच कोयता, पातं मधोमध मोडलेला. खाली नाव सिनेमाचंच, 'अर्धा कोयता', आणि त्याखाली ओळ : 'मोडला, पण वाकला नाही.' चौथरा बांधून तयार होता. तिन्ही परीक्षकांच्या सह्या झाल्या की बुधवारी समारंभ आणि त्याच दिवशी शिल्प.

त्या कोयत्यानंच बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला नेली होती.

सिनेमात नायिकेचा बाप मरताना आपला मोडका कोयता तिच्या हातात देतो. ती तो जपते, त्याच्याशी बोलते. अंतिम सामन्यात तो कमरेला बांधून मैदानात उतरते आणि शेवटच्या चढाईत एकटी सहा जणींना बाद करते. बाईंनी कागदावर लिहिलं, 'लोखंड बांधून मैदानात? आम्ही बांगडी काढायला लावतो, नखं कापायला लावतो.' मग लिहिलं, 'ऊस शेंड्याकडून तोडते. बुडख्याशी वाकली असती तर पोलकं मळलं असतं.' मग त्यांनी पेन्सिल इतकी दाबली की टोक मोडलं.

अर्धा कोयता म्हणजे मोडका कोयता नव्हे. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात लहान लेकरालाही हे सांगावं लागत नाही. कोयता म्हणजे जोडी. एकानं तोडायचं, दुसऱ्यानं मोळ्या बांधायच्या, दोघांनी मिळून वाहायचं. टोळीत किती माणसं असं कुणी विचारत नाही. किती कोयते, असं विचारतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्यातलं एक मेलं, पळालं, अंथरुणाला खिळलं की उरलेलं माणूस म्हणजे अर्धा कोयता. हातातलं पातं चांगलं धारदार असतं. मोडलेलं माणूस असतं.

आणि पुण्याहून आलेल्या त्या दिग्दर्शकानं काय केलं? शब्द उचलला, अर्थ जागेवरच ठेवला आणि लोहाराकडून पातं मोडून आणलं. मुंबईच्या परीक्षकांनी लिहिलं, 'मोडक्या कोयत्याचे प्रतीक मन हेलावून टाकते.' मन कसलं हेलावतंय यांचं! उंटावरून शेळ्या हाकणारे सगळे.

सिनेमा संपला. दुसरे परीक्षक, निवृत्त प्राचार्य भगवानराव, रुमालानं डोळे पुसत होते. तिसरे कारखान्याचेच कार्यकारी संचालक, त्यांनी सिनेमा सुरू होण्याआधीच शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण भरून ठेवले होते.

"बाई, किती गुण?" भगवानरावांनी विचारलं.

"सर, तो कोयता..."

"अप्रतिम! काय प्रतीक!"

बाईंनी कागदाची चौघडी केली आणि पर्समध्ये टाकली. "बुधवारी देते," त्या म्हणाल्या आणि कुणाच्या चहाला न थांबता निघाल्या.

रविवारी सकाळी त्यांनी पालीच्या पुढची जीप पकडली. बिंदुसरेच्या धरणात पाण्याच्या जागी भेगा होत्या आणि भेगांत शेळ्या हिंडत होत्या. त्यांना थोरल्या बहिणीकडं जायचं होतं. सिनेमा त्यांना राग आणत होता तो खरं तर चढाईवरून नव्हे, पोलक्यावरून नव्हे, कोयत्यावरूनही पुरता नव्हे. दोन तास वीस मिनिटांच्या सिनेमात छबुआक्का कुठंच नव्हती. नायिकेला बहीणच नव्हती.

बाप बैलगाडीखाली सापडून मेला तेव्हा छबू पंधराची होती, सत्यभामा चौदाची. आई रुक्मिणीबाईचे गुडघे गेलेले. मग दोघी बहिणींनी मिळून एक कोयता केला. थळावर, म्हणजे कारखान्याजवळ टोळ्यांच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या पडत तिथं, त्या सांजच्याला कबड्डी खेळायच्या. पंच नसायचाच. नियम एकच होता, ज्याला हात लागला त्यानं आपणहून हात वर करून बाहेर जायचं. छबूला सुताएवढा स्पर्श झाला तरी तिचा हात वर. सत्यभामा भांडायची, शपथा घ्यायची, लागलाच नाही म्हणायची. आई कोपीतून ओरडायची, "एक हरिश्चंद्र जल्मला अन् एक वकील!"

धर्मराज गुरुजींनी दोघींना थळावर बघितलं आणि शाळेच्या संघात घेतलं. शहाऐंशीच्या डिसेंबरात अंबाजोगाईला जिल्ह्याचा अंतिम सामना झाला. तो जिंकला गेला तो चढाईवर नव्हे, पकडीवर. दोघी बहिणी हातात हात घालून साखळीनं उभ्या होत्या. समोरची आली, छबूनं घोटा धरला, सत्यभामेनं कंबर. एकटीनं धरली असती तर सुटली असती. राज्याच्या शिबिरासाठी दोघींचीही निवड झाली.

शिबिर जानेवारीत, ऐन हंगामात. टोळीचा मुकादम पंडित म्हणाला, "दोघी गेल्यात तर तुमच्या आईला गावी धाडतो. एक गेली तर राहिलेली अर्धा कोयता. अर्धा कोयता मी टोळीत ठेवीत न्हाई." दोन दिवस कोपीत कुणी जेवलं नाही. तिसऱ्या दिवशी छबूच म्हणाली, "सत्याला जाऊ द्या." त्याच टोळीत शहादेव नावाचा तीस वर्षांचा विधुर होता. बायको दिवाळीत बाळंतपणात गेलेली, म्हणजे तोही अर्धा कोयता. दोन अर्धे मिळून एक होतो, एवढं गणित मुकादमाला येत होतं. कारखान्याच्या गेटवर, उसाच्या गाड्यांच्या रांगेत, वजनकाट्याची पाळी येईपर्यंतच्या वेळात छबूचं लग्न लागलं. ती सतरा वर्षांची होती. सत्यभामेची एसटी त्याच सकाळी गेली होती. तिनं ते लग्न बघितलं नाही.

आणि आता त्याच गेटसमोर मोडका कोयता उभा राहणार होता.

जीप उतरून बाई पोचल्या तेव्हा टँकर आला होता. छबुबाई ड्रमावर उभी राहून टँकरचा पाइप दाबून धरत होती. एकतीस वर्षं कोयता धरून मनगट पुरुषासारखं जाड झालेलं. शहादेव जाऊन चार वर्षं झाली होती. आता ती सुनेबरोबर कोयता करायची.

"काऊन आलीस गं उन्हाची?" तिनं विचारलं.

बाईंनी उंबऱ्यात बसल्या बसल्या सगळा राग ओतला. चढाई, पोलकं, कमरेचं लोखंड, मोडकं पातं, गेटसमोरचं शिल्प. छबुबाईनं पाणी दिलं, मूठभर शेंगदाणे दिले आणि निवांत ऐकलं. चढाईत नायिका संवाद म्हणते हे ऐकून ती मोठ्यानं हसली. "अन् समोरच्या सात जणी काय तोंड बघत बसल्या व्हत्या?"

"हसू नको आक्का. तुला काढून टाकलंय. सबंध सिनेमात तू न्हाईस!"

छबुबाईचं हसू थांबलं. तिनं पदरानं हात पुसले.

"तुज्याकडं आलते ना ते लोक? पुन्यावाले?"

"आलते. दोन दिवस बसलते."

"तू काय सांगितलंस त्यायला?"

"सगळं सांगितलं."

"सगळं?" छबुबाईनं विचारलं. मग ती उठली. "मला घागरी भरू दे. टँकर पुन्ना परवा येतो."

परतीच्या जीपमध्ये तो एक शब्द बाईंना चावत राहिला. घरी येताच त्यांनी दिग्दर्शकाला फोन लावला आणि पंधरा मिनिटं झाडला. लाज वाटत नाही का, लोकांचं आयुष्य म्हणजे तुम्हाला आयतं बीळ वाटतं का, माझ्या बहिणीला कुठं पुरलंत. तो सभ्य माणूस होता. तो म्हणाला, "मॅडम, मी तुमची मुलाखत पाठवतो. दोन तास दहा मिनिटांची आहे. तुम्हीच ऐका." आणि त्यानं ती पाठवली.

सोमवारी शाळेला सुट्टी होती. भाकरी थापता थापता बाईंनी फोन फळीवर ठेवला आणि ऐकायला लागल्या. आपलाच आवाज, ठसठशीत. मी थळावर खेळायचे. मी अनवाणी पळायचे. माझी निवड झाली. मी शिबिरात पहिली आले. मी पंच झाले, घाटनांदूरला मी जीपच्या टपावर चढले. भाकरी करपली. पंचावन्नाव्या मिनिटाला एक वाक्य आलं : "बहीण होती, ती मागं राहिली, अर्धा कोयता म्हणून." दिग्दर्शकानं विचारलं होतं, "अर्धा कोयता म्हणजे?" आणि त्यांचा स्वतःचा आवाज, थोडा घाईचा : "असंच, आमच्यात म्हणतात. तर शिबिरात काय झालं..."

बाईंनी तेवढाच तुकडा पुन्हा लावला. पुन्हा तेच. लग्नाचं नाव नाही, गेटचं नाव नाही, साखळीचं नाव नाही. अंतिम सामन्याबद्दल त्या म्हणाल्या होत्या, "शेवटची पकड माझी." घोटा कुणी धरला होता ते सांगितलंच नव्हतं.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ त्यांना बावीस वर्षं नेमकं दिसत आलं होतं, आणि स्वतःच्या डोळ्यात हे एवढं मुसळ. त्यांना दिग्दर्शकाचा राग आला, कारण त्यानं पुन्हा विचारलं नाही. मुकादमाचा आला, गुरुजींचा आला, मेलेल्या बापाचासुद्धा आला. राग फिरून फिरून दारात आला आणि आत येऊन बसला. त्यांनी करपलेली भाकरी उचलून भिंतीवर मारली.

बुधवारी कारखान्याच्या आवारात मांडव पडला. गर्दी भरायला चेअरमननी गावोगाव ट्रक धाडले होते. एरवी ज्या ट्रकांतून माणसं ऊसतोडीला जातात तेच. पालीकडच्या ट्रकातून छबुबाईही आली होती. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, सतरंजीवर ती बसलेली बाईंनी स्टेजवरून बघितली.

भगवानरावांनी ब्याण्णव गुण दिल्याचं जाहीर केलं. संचालकांचे अठ्ठ्याण्णव. मग सुंदररावांनी माइक स्वतः बाईंकडं आणला. "आणि आता ज्यांच्या जीवनावर हा चित्रपट आहे, त्या आपल्या लाडक्या भगिनी..."

बाई उभ्या राहिल्या. त्यांनी चौघडी केलेला कागद उघडला.

"चढाईत नायिका बोलली, दम सुटला. बाद. लोखंड बांधून खेळली. बाद. ऊस शेंड्याला तोडला, तोही बाद." लोक हसले. बाई हसल्या नाहीत. "आता कोयता. मांडवात ऊस तोडणाऱ्या शंभर बाया बसल्यात. बायांनो, अर्धा कोयता म्हणजे काय गं?"

 मग मागून एक म्हातारी म्हणाली, "रांडावलेली बाई, नाहीतर एकटा गडी. दुसरं काय?"

"ऐकलंत?" बाई सुंदररावांकडं वळल्या. "मोडकं पातं नव्हे. त्या समोरच्या गेटवर माझ्या बहिणीचं लग्न लागलं. सतराव्या वर्षी, गाड्यांच्या रांगेत, कोयता पुरा करायला. कशासाठी? मी खेळायला जावं म्हणून. अंबाजोगाईच्या सामन्यात घोटा तिनं धरला होता. तिच्यावाचून मी पकड करूच शकले नसते. ती या सिनेमात नाही. म्हणून माझे गुण शून्य, आणि माझी सही मिळणार नाही."

सुंदररावांचा चेहरा पडला. पण बाईंचं संपलं नव्हतं. 

"आता हिला सिनेमातून कुणी काढलं ते सांगते. दिग्दर्शकानं नाही. त्यानं मला विचारलं होतं. मी दोन तास माझंच सांगत बसले. थळावर आमचा नियम होता, ज्याला लागलं त्यानं हात वर करायचा. मी कधी केला नाही." त्यांनी उजवा हात वर केला, पूर्ण वर, सगळ्या मांडवाला दिसेल असा. "मी बाद."

आणि मांडवानं टाळ्या वाजवल्या. कडकडून वाजवल्या, जशा त्या संवादाला वाजवल्या होत्या तशाच. सुंदरराव त्यातच सावरले. निवडणुकीत मुरलेला माणूस तो. "वा! याला म्हणतात खिलाडूवृत्ती! कुठं आहेत त्या भगिनी? या, वर या! शाल आणा रे!" शिल्पाबद्दल चकार शब्द नाही. तिसऱ्या सहीचा हट्ट त्यांनी तिथंच सोडला; दोन सह्या होत्या, त्यांना तेवढ्या पुरत होत्या. बाहेर चौथऱ्यावर कापडाखाली मोडका कोयता उभा होता.

छबुबाई जागची हलली नाही. एक कार्यकर्ता शाल घेऊन तिच्याजवळ गेला, तशी तिनं ती बाजूला सारली.

हात वर धरूनच बाई स्टेजच्या पायऱ्या उतरल्या. बाद झालेल्यानं मैदानात थांबायचं नसतं. बायकांच्या रांगेतून वाट काढत त्या आक्कासमोर जाऊन सतरंजीवर बसल्या, तेव्हा कुठं हात खाली आला. त्यांना वाटलं, आक्का आता पाठीवरून हात फिरवेल, वेडी हायेस म्हणेल, हसेल. लहानपणापासून तिनं तेच केलं होतं.

छबुबाई हसली नाही. तिचा आवाज मोठा नव्हता, पण शेजारच्या बायांनी बोलणं थांबवलं.

"हात वर केलास, बरं झालं," ती म्हणाली. "पन सत्ये, त्या दिशी गेटावर मी हार घालून उभी व्हते, तवा बी मला वाटत व्हतं, कुनीतरी शिट्टी मारील. म्हनंल, ह्ये नियमात बसत न्हाई, थांबवा. त्या दिशी न्हाई मारली, तर फुडच्या वर्षी मारील. पोरं झाली, न्हवरा गेला, मी वाट बघत व्हते. बावीस वरसं शिट्टी तुज्या गळ्यात व्हती. लोकाच्या पोरीचा आंगठा बाहेर टेकला तर तुला दिसला." तिनं पदर खोचला आणि उठली. "मी अख्खी बाहेर गेले, ती दिसले न्हाई?"

ट्रकवाला हाका मारत होता. छबुबाई चाकावर पाय देऊन एकटीच वर चढली, आणि वर पोचल्यावर मागच्या बाईला हात दिला.